सतरावं हत्यार

"खिसे," मी म्हणालो.

शाळा सुटून तास उलटला होता. सहाही पोरं सुतारखोलीच्या दारात रांगेनं उभी राहिली आणि सवयीनं खिसे उलटे करू लागली. कुणाच्या खिशातून गोट्या निघाल्या, कुणाच्या नुसताच भुसा. मी दप्तरंही चाचपली. एकोणतीस वर्षं या शाळेची बाकं दुरुस्त करतोय, त्यांवर पोरांनी कोरलेलं सगळं वाचलंय. माझ्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नाही.

हा वर्ग मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या डोक्यातून निघालेला. ज्यांना दोन ताकीदपत्रं गेलीत आणि तिसऱ्याला ज्यांचं नाव शाळेतून कमी होणार, अशा पोरांना मी सुतारकाम शिकवायचं. शिवाय रोज एकजण नायक. त्यानं सतराच्या सतरा हत्यारं भिंतीवर टांगायची, मोजायची आणि वहीत आकडा लिहून सही करायची.

"जबाबदारी दिली की मुलं सुधारतात, काका," बाई म्हणाल्या होत्या.

"हत्यारं दिली की पळवतात," मी म्हणालो. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

त्या दिवशी नायक होता भोवरा. एका जागी पाय म्हणून ठरत नाही, म्हणून हे नाव. त्यानं वहीत 'सतरा' लिहिलं, सही ठोकली आणि सगळे गेले. कुलूप लावताना माझी नजर भिंतीवर गेली. प्रत्येक हत्यारामागे मी त्याचा आकार रंगवून ठेवलाय. लाकडात खाचा कोरायच्या सगळ्यात बारक्या पटाशीचा आकार रिकामा होता. ज्या मिस्त्रींनी मला लाकूड तासायला शिकवलं, त्यांनी दिलेली ती पटाशी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्हीच कुठंतरी ठेवली असेल," घरी बायको म्हणाली. "परवा किल्ली कुलपालाच लटकत ठेवून गेलात."

"किल्लीची गोष्ट वेगळी."

"हो, तुमच्या सगळ्याच गोष्टी वेगळ्या!"

सकाळी मी तक्रार लिहून दिली आणि भोवऱ्याला गाठलं. "सतरा लिहिलंस ना? मग सतरावं कुठाय?"

"मी नाही घेतलं." एवढंच बोलला. त्याचे पाय पहिल्यांदाच एका जागी थिजले होते. तेवढ्यानं माझी खात्रीच पटली.

दुपारी त्याच्या आईला मोठ्या बाईंच्या खोलीत बोलावलं. ती इस्पितळात सफाईला होती, कामाच्या कपड्यांतच धावत आली. खुर्चीत बसली नाही.

"बाई, निरोप आला तशी आधी घर गाठलं, सगळं पालथं घातलं," ती म्हणाली. "ह्याची गादीसुद्धा उसवून बघितली. नाही सापडलं. आता हा काही बोलतच नाही, मी तरी काय करू?"

भोवरा खाली मान घालून उभा होता. तिसरं पत्र टेबलावर तयार होतं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. बाहेर वारा सुटला आणि पडदा फुगला. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खिडकी वाजत नव्हती. बाईंची ती खिडकी वर्षानुवर्षं वाऱ्यानं खडखडते.

आणि मग मला आठवलं. काल मधल्या सुट्टीत बाई बाहेर असताना मीच तिथे पाचर मारायला आलो होतो. पाचर जाड निघाली. तेवढ्यापुरती म्हणून फटीत...

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, गप्प बसावं. पटाशी पडद्याआड होती. संध्याकाळी काढून नेली असती, कुणाला पत्ता लागला नसता. पण त्या आईनं पोराची गादी उसवली होती.

मी पडदा सारला आणि फटीतून पटाशी उपसली. खिडकी खडखडायला लागली.

"मीच ठेवली होती," मी म्हणालो. लाज वाटली, फार वाटली.

बाईंनी पत्र फाडलं. आई माझ्याकडे बघतही नव्हती, पोराकडेच बघत होती.

"मग सतरा का लिहिलंस रे?" मी विचारलं.

"मोजली तेव्हा सोळाच होती," भोवरा म्हणाला. "पण सोळा सांगितलं असतं तर तुम्ही मलाच धरलं असतं."

धरलंच असतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्यालाच नायक केलं. तास संपला. त्यानं हत्यारं टांगली, बोट लावून मोजली आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सोळा."

माझी नजर आधी पोरांच्या खिशांकडेच गेली. सवय कुठे जाते! भोवरा माझ्या कामाच्या कोटाकडे बघत होता.

"काका," तो म्हणाला, "खिसे."

मी खिसे उलटे केले. पेन्सिल, दोन स्क्रू आणि पटाशी. शेवटच्या बाकाची खाच साफ करून मी ती खिशात टाकली होती, आणि खरंच विसरलो होतो. कोणी हसलं नाही. भोवऱ्यानं ती माझ्या हातातून घेतली, शर्टाला पुसली, तिच्या आकारावर नीट टांगली आणि वहीत 'सतरा' लिहिलं.

मी तसाच उभा राहिलो, खिशांची अस्तरं बाहेर लोंबत, तो सही करेपर्यंत.