गेनबाच्या पायाखालचं पाणी

गेनबाचं पत्र मला सहा वर्षांपूर्वी आलं. वहीचं रेघी पान, चार घड्या, आणि पाकिटावर 'शिरीनिवास आगाशे साहेब' असं माझं नाव. मी ते दोनदा वाचलं, शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं आणि उत्तर उद्या लिहू असं ठरवलं.

मला पत्र लिहिता येत नाही असं नाही. कचेरीत तीस वर्षं मी इतरांच्या पत्रांचे मसुदेच केले. पण या उत्तरात एक वाक्य लिहावं लागणार होतं आणि तेवढ्याची छाती मला झाली नाही. मी घाबरट माणूस आहे. पुस्तकात डोकं घातलं की माणसं आपल्याला विसरतात, एवढ्यावर मी आयुष्य काढलं.

गेनबा मात्र विसरला नाही. पत्र आल्यापासून दुपारी जरा आडवा झालो की मला चिखलातून पाय उपसल्याचा आवाज येतो. पच्च. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा पच्च, थोडा जवळ. माझी बायको मंदाकिनी म्हणते नळ गळतो. तिने दोनदा प्लंबर आणला. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "आजोबा, नळ कोरडा ठणठणीत आहे." मी त्याला चहा दिला.

गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. पाणथळ जागांची यादी करायचं काम तेव्हा आमच्या कचेरीकडे आलं होतं. उपग्रहाच्या नकाशावर निळे ठिपके पडलेले. प्रत्येक ठिपक्यापाशी जाऊन पाणी खरंच आहे का ते बघायचं आणि छापील तक्त्यात भरायचं. मांजरीच्या पुढे, नदीच्या अंगाला, उसाच्या फडांमागे एक मोठं लवण होतं. तो ठिपका माझ्या वाट्याला आला.

मी गेलो ऐन एप्रिलात. लवण म्हणजे खोलगट बशीसारखी जमीन. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी तिथे येऊन बसायचं ते कार्तिकापर्यंत हलायचं नाही. मग जसजसं पाणी मागे सरे, तसतसे वस्तीवरचे सात घरांचे लोक ओल्या गाळात पेरत जायचे. त्याला गाळपेरा म्हणतात. आधी हरभरा, मग काकडी, कलिंगडं. मी गेलो तेव्हा सगळीकडे वेल पसरलेले होते आणि मधोमध एका डबक्यात शेकाट्या नावाची पाणपाखरं लांब तांबडे पाय टाकत फिरत होती.

या गाळपेऱ्याची एक रीत होती. दर वर्षी पाण्याखाली बांध मोडायचे, गाळ बसायचा, कोणाचा पट्टा कुठला ते दिसायचं नाही. मग पाणी सरल्यावर वस्तीवरचा गेनबा अनवाणी त्या गाळात उतरायचा. मागून सात घरची माणसं तुरीच्या काठ्या घेऊन. गेनबाचा पाय जिथे थांबेल तिथे काठी रोवायची, ती त्या वर्षाची हद्द. त्याच्या पायाला तळची घट्ट माती आणि पोकळ माती वेगळी लागायची. त्याने ठरवलेल्या हद्दीवरून कधी भांडण झालं नाही असं मला वस्तीवर सांगितलं. हे सगळं तक्त्यात लिहायला रकाना नव्हता.

डबक्याची खोली बघावी म्हणून मी पुढे गेलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. ओरडायचीही लाज वाटली. गेनबाच आला, काखेत हात घालून त्याने मला उपसून काढलं. माझी एक चप्पल आतच राहिली. त्याने ओंजळी भरभरून माझे पाय धुतले, काकडी सोलून हातावर ठेवली आणि मग शेजारी बसून हळूच म्हणाला, "सायेब, काय लिवनार?"

"पाणथळ आहे म्हणून लिहावं लागेल."

"मंग सरकार हितं पेरू दील?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "कदाचित बंदी येईल."

"मंग शेत लिवा," तो म्हणाला. "शेतच हाय की ह्ये. समोर काकड्या दिसत्यात न्हवं तुमास्नी? सात घरं जगत्यात ह्याच्यावर. पाखरं काय, कुटं बी जात्यात."

त्याच्या आवाजात दांडगाई नव्हती. मला नाही म्हणता आलं नाही. मी लिहिलं: 'जागा कोरडी. पाणी आढळले नाही. शेतजमीन. पाणथळ यादीतून वगळावी.' लिहिताना माझ्या पोटऱ्यांवरचा चिखल वाळून ओढत होता. घरी एका पायात चप्पल घालून गेलो. मंदाकिनीने विचारलं तेव्हा म्हणालो, बसमध्ये तुटली.

पुढे नियम बदलले, याद्या नव्याने झाल्या, त्या पुन्हा बदलल्या. पाणथळ कशाला म्हणायचं यावर शहाण्या लोकांनी बरंच लिहिलं, ते मी सगळं वाचलं. माझा कागद मात्र प्रत्येक फायलीतून पुढे जात राहिला. कोणी पुन्हा जाऊन बघितलं नाही. कागदावर कोरडं होतं.

या मार्गशीर्षात एका सकाळी फोन आला. "आगाशे सर का? मी रुपाली. मांजरीच्या गेनबांची नात. आजोबांनी तुम्हाला लेटर पाठवलेलं, आठवतंय का?"

मी म्हणालो, आठवतं.

"ते गेले सर, कोविडमध्ये. तुम्हाला कळवायचा प्रश्नच नव्हता, तुमचा रिप्लायच नव्हता." तिने हे रागाने म्हटलं नाही, माहिती दिल्यासारखं म्हटलं. "आता सव्वादोन हेक्टरच्या वरच्या सगळ्या पाणथळ जागा परत चेक करतायत. बाउंड्री आखतायत. आमची लिस्टमध्येच नाही. ऑफिसात गेले तर तुमचा रिपोर्ट दाखवला. आजी म्हणते, त्या साहेबाला एकदा आणून उभा कर."

मी मंदाकिनीला सांगितलं, मांजरीला जाऊन येतो. ती मेथी निवडत होती. "मंडईच्या पलीकडे कधी गेला नाहीत, एकदम मांजरी? पुस्तकांचं प्रदर्शन आहे का तिथे?"

बसमधून उतरलो तर मला जागा ओळखू येईना. ऊस होता तिथे बारा-बारा मजले उभे. लवणाच्या तीन बाजूंना मुरूम आणि राडारोडा टाकून जमीन माणसाच्या डोक्याइतकी उंच केलेली. मधे तळाशी गेनबाच्या घरचे दोन पट्टे आणि कडेला वस्तीची घरं, जणू विहिरीत बसलेली. रुपालीने सांगितलं, बाकी सहा घरांनी जमीन विकली. श्रावणात नदी फुगली तेव्हा पाण्याला बसायला जागा उरली नव्हती, ते सरळ घरात शिरलं.

घराच्या भिंतीवर पाण्याची तांबडी रेघ माझ्या छातीइतकी वर होती. बायडाबाई, गेनबाची बायको, उंबऱ्यावर बसली होती. सत्तरीच्या पुढची, काटक. तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ह्योच का त्यो?"

"हो आजी."

"वाळलेला दिसतुय. पान्यात पडूनसुदिक वला झाला न्हाई म्हनायचा." मग मला म्हणाली, "बसा. खुर्ची न्हाई. व्हती ती वाहून गेली तुमच्या कोरड्या जाग्यात."

मी जमिनीवर बसलो. तेवढ्यात एक धिप्पाड माणूस आला. मच्छिंद्र. त्याच्या बापाने पट्टा विकलेला, आणि आता तो त्याच भरावावर डंपर चालवत होता.

"काकू, ह्यास्नी कशाला तरास देता," तो म्हणाला. "सायेब, काय उपेग न्हाई. पुढच्या म्हैन्यात ह्ये बी भरनार. काकूला पलीकडं पत्र्याची खोली देत्यात म्हन."

"तू ऱ्हा पत्र्यात," बायडाबाई म्हणाली. "आन सायबाला सांग की, तुजं पोकलेन कुटं बुडालं ते."

मच्छिंद्रने मान खाजवली. "बुडालं खरं. आमच्याच जुन्या पट्ट्याच्या कडंला. तीन दिस निघंना. बिहारची पोरं हायत, ती तितं काम करत न्हाईत. म्हनत्यात, भर दुपारी कुनीतरी मागनं चालत येतं. चिखलातनं चालल्यावानी. आता मुरमात कुटला चिखल? मी हसलो त्यास्नी." त्याने भरावाकडे पाहिलं. "मंग मला बी आला आवाज."

 माझ्या दुपारच्या आवाजाचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"भ्यायचं काय त्यात," बायडाबाई म्हणाली. "त्याचं कामच त्ये. मार्गशीर्स लागला की हद्दी बघाय उतरायचा. काट्या घिऊन मागं कुनी येत न्हाई, म्हून फिरतुय."

ती उठली, चपला काढल्या आणि भरावावर चढली. आम्ही मागे. दुपारचं ऊन, मुरुमाचे दगड टोचणारे; ती मात्र एकेक पाय ठेवून, दाबून, पुढे जात होती. मधे एकदा थांबली, डावीकडे वळली, पुन्हा सरळ. मला ती चाल माहीत होती, दुपारच्या त्या आवाजावरून. एका जागी ती उभी राहिली आणि म्हणाली, "हितं. मच्छिंद्रा, पार घाल."

मच्छिंद्रने पहार आणली. कुरकुरतच हाणली. सात-आठ घाव बसले आणि पहार उपसताच भोकात काळं पाणी चढून आलं. कडेपर्यंत येऊन थांबलं, आणि तिथेच लकलकत राहिलं. 

"हे ऑफिसवाल्यांना दाखवलं मागच्या महिन्यात," रुपाली म्हणाली. "ते म्हणाले, पाइपलाइन लीक असेल. सर, पाणी दाखवून होत नाही. त्यांना पेपर लागतो. हरकत द्यायची डेट सोमवारी संपते."

आम्ही घरात परतलो. मी पिशवीतून गेनबाचं पत्र काढलं. म्हणालो, "बाई, त्यांनी काय लिहिलं होतं ते तुम्हाला माहीत आहे का?"

"मला न्हाई वाचता येत. म्हनला, सायबाला बोलीवलंय."

मी वाचून दाखवलं. 

'सायेब, नमस्कार. तुमी आलता तवा मीच म्हनलो शेत लिवा. सरकार गाळपेरा बंद करंल म्हून भ्यालो. तुमी लिवलं. आता त्याच कागदावर भर टाकत्यात. म्हनत्यात हितं पानी कदीच नव्हतं. सायेब, तुमी गुडग्यापातूर रुतला व्हता. तेवडं लिवून द्या. माजं खोटं माज्या नावावर लिवा. गेनबा.'

 बायडाबाईची नजर भिंतीवरच्या रेघेवर होती.

"म्हंजी ह्यानंच सांगितलं," ती म्हणाली. "भर पडाय लागल्यापासनं मी तुमास्नी शिव्या घालतीया. आन त्यो शेजारी बसून ऐकत व्हता."

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "लिहायचं काम माझं होतं. ते घाबरले, मीही घाबरलो. पण पेन माझ्या हातात होतं."

"त्याचं नाव घालनार का त्यात?"

इथेच मी सहा वर्षं अडकलो होतो. खरं लिहायचं तर ज्याने मला उपसून काढलं त्यालाच खोटारडा म्हणायचं, आणि आता तर तो मेलेला. न लिहावं तर माझं विधान अर्धवट. मी म्हणालो, "तुम्ही सांगाल तसं."

ती रुपालीकडे वळली. "काय गं?"

"आजी, सरांनी फक्त स्वतःचं लिहिलं तरी चालेल. आजोबांना कशाला मधे..."

"न्हाई," बायडाबाई म्हणाली. "त्यानं लिवा म्हनलंय तर लिवा. येवड्या हद्दी दावल्या त्यानं, एक चुकली. त्ये कुनी दुसऱ्यानं झाकायचं न्हाई."

घरी येऊन मी टेबलाशी बसलो. मंदाकिनीला सगळं सांगितलं, चपलेसकट. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पंधरा वर्षं मी त्या बसवाल्यांना नावं ठेवली." मग जरा वेळाने, "चौकशी लावतील का हो तुमच्यावर?"

"लावतील कदाचित. पेन्शनचंही काही सांगता येत नाही."

"लिहा मग. अक्षर नीट काढा, नाहीतर तेही वाचायचे नाहीत."

पाच मसुदे फाडले. मी प्रत्येकात 'बहुधा', 'माझ्या आठवणीप्रमाणे', 'त्या वेळच्या परिस्थितीत' असं काहीबाही घालत होतो. मंदाकिनीने एक वाचला आणि विचारलं, "तुम्ही रुतला होतात की बहुधा रुतला होतात?" सहाव्यात मी ते शब्द काढून टाकले. उरलं ते असं:

'त्या दिवशी तिथे पाणी होते. मी स्वतः गुडघ्यापर्यंत रुतलो. गेनबा यांनी मला बाहेर काढले, आणि गाळपेरा बंद होईल या भीतीने शेत लिहिण्याची विनंती केली. मी ती मानली. माझा अहवाल खोटा आहे. ती जागा पाणथळ आहे. लेखी सांगतो, बोलावल्यास येऊन जागा दाखवीन.'

शनिवारी सकाळी पोस्टात गेलो. जागा पुन्हा तपासणाऱ्या समितीची प्रत स्पीड पोस्टाने द्यायची होती, सोबत गेनबाच्या पत्राची झेरॉक्स. खिडकीतल्या बाईने पत्ता तपासला, शिक्का मारला, पावती सरकवली.

"सोमवारी पोचेल ना?" मी विचारलं.

"पोचायला हवं."

"नक्की सांगता येणार नाही का?"

"आजोबा, इतकी घाई होती तर आधी यायचं." तिला काय माहीत. मी मान हलवली.

दुसरं पाकीट साध्या टपालाचं होतं. त्यात तीच प्रत आणि वर माझ्या दोन ओळी: उशीर झाला, लिहून दिलं आहे. पत्ता लिहिताना बायडाबाईचं नाव घालणार होतो. पण पत्र ज्याचं होतं उत्तरही त्यालाच जायला हवं, म्हणून गेनबाचंच नाव घातलं, मु. पो. मांजरी. पोस्टमन काय करायचं ते करील. घर तर तेच आहे.

बाहेर लाल पेटीपाशी उभा राहिलो. मागे दोघे जण थांबले होते, त्यातला एक म्हणाला, "काका, टाकताय का?" मी पाकीट आत सोडलं. ते तळाला पडल्याचा आवाज झाला. मग बाजूला होऊन मी त्यांना वाट दिली.