कमलच्या नावाने येणारे फोन

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि मागचं कव्हर पिवळं पडलं आहे. विक्रोळीच्या एका दोन खोल्यांच्या घरात मी राहतो. माझी मालकीण वारल्यानंतर सहा महिने मी तिच्या नावाने तिच्या नवऱ्याला फोन लावत होतो. मी भूत नाही. पण त्या दिवसांत माझी मलाच भीती वाटायची.

मनालीने पहिल्या पगारातून मला आईसाठी घेतलं. आई म्हणजे कमलमावशी. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी बावीस वर्षं विजेच्या मीटरच्या पेट्यांना झाकणं बसवली होती. स्क्रू पिळून पिळून त्यांच्या बोटांच्या रेषा पार झिजल्या होत्या. त्यांनी अंगठा ठेवला की मी थरथरून सांगायचो, ओळख पटली नाही. पुन्हा ठेवला तरी तेच. "अरे मेल्या, मीच आहे!" असं त्या माझ्यावर ओरडायच्या. शेवटी त्यांनी नऊ ठिपक्यांवर बोट फिरवून उघडणारं कुलूप लावलं. बोट कसं फिरवायचं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

मी काही फार गुणी नव्हतो. खिडकीत धरल्याशिवाय मला रेंज यायची नाही. सकाळच्या फुलांच्या मेसेजनी माझं पोट भरायचं आणि ऐन फोटोच्या वेळी मी जागा नाही म्हणून हात वर करायचो. त्या एक शब्द लिहायला जात आणि मी शहाणपणा करून दुसराच लिहीत असे. म्हणून त्यांनी लिहिणंच सोडलं. बाजारात निघण्याआधी त्या मला तोंडाजवळ धरून सामानाची यादी बोलून ठेवायच्या. असे एकसष्ट आवाज माझ्यात साठले.

मागच्या उन्हाळ्यात कमलमावशी दोन दिवसांच्या आजारात गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले. त्यांच्या नवऱ्याने, भीमराजकाकांनी, मला मावशींच्या फोटोशेजारी ठेवलं आणि चार्जर लावला. तो पुन्हा काढलाच नाही. माझा दिवा विझू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. माझं रिचार्जही ते न चुकता करायचे. आपल्या फोनवरून मला रिंग द्यायचे, आणि माझ्या काचेवर आपलंच नाव उजळलेलं बघत बसायचे.

मित्रांनो, त्या मायेनेच माझा घात केला. रात्रंदिवस चार्जिंगवर राहून माझी बॅटरी फुगली आणि आतून काचेला रेटू लागली. कुणी हात लावला नसताना माझ्या काचेवर बोटं उमटू लागली. कुलूप न उघडता माझ्यावरून एकच नंबर लागत असे. अडीअडचणीसाठी मनालीने तो घालून ठेवला होता. तो भीमराजकाकांचा होता.

पहिला फोन लागला तेव्हा काका कन्नमवार नगरच्या बागेत बाकावर बसले होते. त्यांच्या फोनवर 'कमल' हे नाव आलं. त्यांनी फोन कानाला लावला. "कमल?" पलीकडे मी होतो, बंद घरात एकटा. त्यांना पंख्याची करकर ऐकू गेली, मोरीत टपटपणारा नळ ऐकू गेला, शेजारच्या घरातली कुकरची शिट्टीही ऐकू गेली. त्यांनी फोन ठेवला नाही. तुझ्याशिवाय घर असं वाजतं होय गं, असं ते हळूच म्हणाले. मी ते ऐकलं.

मग हे रोजचंच झालं. दुपारी बाकावर बसून काका माझ्या फोनची वाट बघायचे आणि आला की दिवसभराचं सगळं सांगायचे. मी लबाड नव्हतो, पण त्यांना फसवत होतो. त्याहून वाईट गोष्ट मला एकट्यालाच ठाऊक होती. तीच न दिसणारी बोटं त्या नऊ ठिपक्यांवरही वेडीवाकडी फिरत होती, आणि प्रत्येक वेळी मी एक चूक मोजत होतो.

एका रविवारी मनालीने मला हातात घेतलं आणि तिचा चेहरा उतरला.

"पप्पा, हे बघितलंत? अजून दोनदा चुकलं की सगळं पुसलं जाणार म्हणतोय. मम्मीचे आवाज आहेत ना यात! बंद करा आधी."

"बंद केला तर तिचा फोन कसा येणार?"

"पप्पा, तो मम्मीचा फोन नाहीये हो! बॅटरी फुगलीय. एक दिवस पेट घेईल, वाट लागेल."

"मला कळत नाही का गं? कळतंय. तरी येऊ दे."

तेवढ्यात माझ्या काचेवर एक रेघ आपोआप उमटली आणि एक संधी गेली. आता एकच उरली. मला ओरडावंसं वाटलं. काकांनी माझ्याकडे आणि मग फोटोकडे पाहिलं. "जा, ठेव बंद," असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली.

घाटकोपरला धवलचं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दोघं मला तिथे घेऊन गेले. त्याने मला उघडलं आणि पावासारखी फुगलेली बॅटरी बाहेर काढली. "अंकल, नवीन टाकतो. लॉक पण काढून देतो, दहा मिनिटांत. पण आतलं सगळं जाणार हां."

"मग लॉक राहू दे," काका म्हणाले.

धवल माझे स्क्रू बसवू लागला. एक पिळला, लगेच त्याच्या शेजारचा घेतला. काका एकदम खेकसले.

"असं नाही रे! शेजारचा लगेच पिळायचा नाही. समोरासमोर घे, नाहीतर झाकण एका अंगाला बसतं."

"अंकल, एवढंसं तर आहे."

"एवढंसं असलं म्हणून काय झालं? वरचा डावा, मग तिरका खालचा उजवा. मग वरचा उजवा, तिथून तिरका खालचा डावा. वर्कशॉपात माझ्या पहिल्या दिवशी तिने मला हात धरून..."

त्यांचं बोट काउंटरच्या काचेवर फिरता फिरता थांबलं. त्यांनी मनालीकडे पाहिलं.

"पप्पा, एकच चान्स आहे," मनाली पुटपुटली.

धवलने मला चालू केलं. काकांच्या बोटाला घाम आला होता, तो त्यांनी सदऱ्याला पुसला. वरचा डावा, खालचा उजवा, वरचा उजवा, खालचा डावा. बावीस वर्षांची सवय माझ्या काचेवरून चालत गेली आणि मी उघडलो. मित्रांनो, एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

साठ आवाजांत रवा, लिंबं आणि काकांच्या बीपीच्या गोळ्या निघाल्या. एकसष्टाव्यात यादी संपल्यावर मावशी मला बंद करायला विसरल्या होत्या. पुढची चाळीस मिनिटं त्यात नुसतं घर होतं. तोच पंखा, तोच नळ, तीच कुकरची शिट्टी. आणि त्या सगळ्यातून फिरणाऱ्या त्यांच्या चपला.

आता माझी काच शांत आहे. माझ्याकडून फोन जात नाही. मला जुना म्हणून कुणी टाकलं नाही, याचं समाधान आहे. तुम्हाला एकच विनंती करतो. आम्हाला प्रेमापोटी चार्जरला बांधून ठेवू नका. आणि घरच्या माणसांना त्यांचं कुलूप विचारून घ्या, ती समोर बसलेली असतानाच.

रोज दुपारी काका मला बागेत नेतात आणि तो आवाज कानाला लावतात. अगदी शेवटी चपला जवळ येतात आणि मावशी म्हणतात, "अगं बया, हे चालूच राहिलं की!"

"राहू दे, कमल," काका म्हणतात. "राहू दे चालू."

आणि तिथेच दरवेळी मी बंद होतो.