डाव्या पिळाचे मणी

चंपाचा फोटो स्टुडिओ भिवंडीत कामतघरच्या रस्त्याला होता. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालापर्यंत तिथे माणसांशिवाय दुसऱ्या कशाचा फोटो निघाला नव्हता. पासपोर्टचे, नोकरीच्या अर्जाचे, मुलगी दाखवायचे. वडील गेल्यावर तिने दुकान चालवायला घेतलं, तेव्हा नातेवाईक म्हणाले होते, बाईमाणसाला हे जमायचं न्हाय. तिने पाटी तेवढी नव्याने रंगवून घेतली.

दिवाळीनंतर एका सकाळी मागच्या गल्लीतली रुकय्या आली. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात बिस्किटांचा जुना डबा. डब्यात कापसावर तिच्या वडिलांनी, कासमचाचांनी, केलेले काचेचे मणी होते. फुटक्या बांगड्यांची आणि बाटल्यांची काच ते बत्तीच्या जाळावर वितळवायचे, लोखंडी तारेवर गुंडाळायचे आणि वरून दुसऱ्या रंगाच्या काचेचा केसाएवढा धागा फिरवायचे. भिवंडीत हे काम करणारा दुसरा माणूस उरला नव्हता. आता चाचांनी सत्तरी ओलांडली होती, हात कापत होते.

पत्र मुंबईच्या केसरीनाथ नावाच्या संपादकाचं होतं. ठाणे जिल्ह्यातल्या हस्तकलांवर ते पुस्तक काढत होते आणि मण्यांसाठी रंगीत पानं ठेवली होती. पण त्यांच्या फोटोग्राफरने काढलेले फोटो छपाईच्या कामाचे नव्हते. सहा आठवड्यांत चांगल्या स्लाइड, म्हणजे छपाईला लागणाऱ्या रंगीत पारदर्शक फिल्म, मिळाल्या नाहीत, तर ती पानं बुरुडकामाला जाणार होती.

"अब्बा काय बोलत न्हाईत," रुकय्या म्हणाली, "पण पत्र उशीखाली ठेवून झोपतात. तू काढशील?"

चंपाने एक मणी उचलून उजेडात धरला. वाटाण्याएवढा, बाटलीच्या हिरव्या रंगाचा, आणि त्यावरून पांढरा धागा फिरत गेलेला. "काढते," ती म्हणाली. कसा, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

लेन्स काढून उलटी लावली की बारीक वस्तू मोठी दिसते, हे वडिलांनी एकदा दाखवलं होतं. काळ्या चिकटपट्टीने तिने लेन्स उलटी बसवली आणि फ्लॅश मारून अख्खा रोल काढला. स्लाइड मुंबईहून धुऊन यायला आठवडा लागला. प्रत्येक मण्यावर पांढरा डाग होता, आणि एका मण्यात तर कॅमेऱ्यामागे वाकलेली ती स्वतःच दिसत होती.

मग फ्लॅश बंद. लूमवरून उतरलेलं कोरं कापड तिने मण्यांभोवती तंबूसारखं ताणलं आणि खिडकीचा उजेड त्यातून गाळून घेतला. दुसऱ्या रोलमध्ये डाग गेले, पण कोऱ्या कापडाचा पिवळेपणा काचेत उतरला. त्याहून वाईट म्हणजे धाग्याची कड दुहेरी दिसत होती. ट्रायपॉड घट्ट होता, बटण ती वायरने दाबत होती. मग हललं काय?

तिने टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आणि बघत बसली. पाण्यावर बारीक कंप होता, एकसारखा. भिंतीपलीकडच्या कारखान्यात सिराजशेठचे चोवीस लूम चालत होते. जन्मापासून त्या खडखडाटात वाढलेल्या चंपाला तो ऐकूसुद्धा येत नव्हता, पण कॅमेऱ्याला कळत होता.

ती तशीच उठून शेजारी गेली. सिराजशेठ कापडाच्या ताग्यांमध्ये बसले होते.

"शेठ, धुतलेली पांढरी मलमल पाहिजे. दोन वार. आणि शुक्रवारी तुमचे सगळे लूम बंद पाहिजेत."

"शुक्रवारी सुट्टीच असते की."

"दुरुस्तीला म्हणून दोन-तीन चालवता तुम्ही. ते पण नकोत. दुपारी चारपर्यंत."

शेठ हसले. "फोटो कोणाचा काढतेस एवढा? मंत्र्याचा?"

"कासमचाचांच्या मण्यांचा."

शेठचं हसू थांबलं. त्यांनी आतल्या माणसाला हाक मारून मलमल काढायला सांगितली, आणि शुक्रवारी मेन स्विच स्वतः बंद केला.

त्या शुक्रवारी गल्ली इतकी शांत होती की कॅमेऱ्याच्या शटरचा आवाज बाहेर ओट्यापर्यंत येत होता. चंपाने सकाळपासून एकेक मणी घेतला, मेणाच्या टिपक्यावर उभा केला, सुती फडक्याने पुसला. एकाच मण्याचे वेगवेगळ्या उजेडाचे पाच-पाच फोटो काढले. तीन वाजता रोलमध्ये एकच फोटो उरला, तेव्हा कॅमेरा उचलून ती चाचांच्या घरी गेली.

"बत्ती पेटवा ना चाचा. काम नको, नुसतं तिच्यापुढं बसा."

महिनाभर बंद असलेली बत्ती त्यांनी पेटवली. जाळाचा उजेड खालून चेहऱ्यावर आला आणि हात पाच मिनिटं अजिबात कापले नाहीत. तेवढ्यात चंपाने बटण दाबलं. तो फोटो तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो होता, हे तिला स्लाइड हातात येण्याआधीच कळलं होतं.

स्लाइड पाठवल्यावर केसरीनाथांचं उत्तर दोन ओळींचं आलं. मणी पसंत, चाचांचा फोटोही एका पूर्ण पानावर घेतो.

फेब्रुवारीत मण्यांच्या पानांचं प्रूफ पोस्टाने आलं. चंपा आणि रुकय्या ते घेऊन धावतच चाचांकडे गेल्या. चाचांनी भिंग घेतलं, एकेका मण्यावरून फिरवलं, परत पहिल्यापासून फिरवलं. मग कागद बाजूला ठेवला.

"पोरी, हे माझे न्हाईत."

"चाचा, मी स्वतः काढलेत."

"मणी उजव्या हाताच्या माणसानं केलेत हे. मी डावरा हाय. माझा धागा असा जातो." त्यांनी हवेत बोट फिरवलं. "माझ्या उस्तादानं हातावर पट्टी मारून मारून बघितली. न्हाय बदलला. बाजारात माणसं धाग्यावरून ओळखायची, हा कासमचा मणी."

चंपाने खरा मणी प्रूफजवळ धरला. चाचांचं खरं होतं. सगळ्या मण्यांचा पीळ उलटा होता, आरशात बघावा तसा. प्रेसमध्ये कोणीतरी स्लाइड फ्रेममधून काढून उलट्या बाजूने लावल्या होत्या.

टेमघरच्या पीसीओवरून तिने फोन लावला.

"बाई, मणी गोल असतो," केसरीनाथ म्हणाले. "कुठूनही बघा, मणीच. वाचकाला काय कळणार? परवा छपाईच्या प्लेट होतायत."

"चाचांना कळलं," चंपा म्हणाली. "मी उद्या येते प्रेसमध्ये. तोवर प्लेट करू नका."

तिचा नवरा दत्तू काल्हेरच्या गोडाऊनमध्ये ड्युटीला होता. पहाटे मुंबईला माल घेऊन जाणाऱ्या टेम्पोत त्याने तिला ड्रायव्हरशेजारी बसवून दिलं. प्रेस परळच्या एका गल्लीत होती. केसरीनाथ आधीच येऊन बसले होते, कपाळाला आठ्या. छपाईचे फोरमन रामनाथ काचेच्या टेबलावर वाकलेले होते, खालून दिवा लावलेला.

चंपाने प्रूफ टेबलावर पसरलं आणि हिरवा मणी रामनाथांच्या तळहातावर ठेवला.

"भाऊ, हा मणी फिरवा. वरचं खाली करा, मागचं पुढं करा. या चित्रातल्यासारखा पीळ दिसला, तर मी आल्या पावली परत जाते."

रामनाथांनी मणी फिरवला. उलटा केला, आडवा धरला, डोळ्याजवळ नेला. बाजूच्या मशीनवरचे दोन कामगारही येऊन उभे राहिले. शेवटी त्यांनी मणी केसरीनाथांच्या हातात दिला. केसरीनाथांनी चष्मा वर करून तेच केलं, आणि कितीतरी वेळ केलं.

"न्हाय जमत साहेब," रामनाथ म्हणाले. "उलटंच लागलंय. चूक आमचीच आहे. पण छपाईच्या चारही रंगांच्या वेगवेगळ्या फिल्म नव्याने काढाव्या लागतील, आणि प्रेसच्या कॅमेऱ्यावर आजचा अर्धाच दिवस मोकळा आहे. तो त्या म्हाताऱ्याच्या फोटोला ठेवलाय. दोन्ही व्हायचं नाही. पुस्तक बांधणीला जायची तारीख ठरलीय."

केसरीनाथांनी चंपाकडे बघितलं. "विचार करा. माणसाचा चेहरा असला की पान उघडून लोक थांबतात. फोटो तुमचा अप्रतिम आहे, खाली नाव येणार आहे. मण्यांचा पीळ..."

जाळाच्या उजेडातला तो चेहरा टेबलाच्या कोपऱ्यावर, छोट्या चौकोनात पडलेला होता. चंपाने स्लाइड उचलली, पाकिटात घातली आणि पाकीट पर्समध्ये ठेवलं.

"मण्यांच्या फिल्म काढा," ती म्हणाली.

काम संपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. प्रत्येक फिल्म धुऊन आली की मणी बाजूला ठेवून बघायची, मगच पुढची. दुपारी रामनाथांनी डब्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढे सरकवली, तेवढंच खाल्लं.

मे महिन्यात पुस्तक आलं. चाचांनी भिंग मागितलं. हिरव्या मण्याच्या धाग्यावरून बोट फिरवत फिरवत ते टोकापर्यंत गेले आणि मान हलवली. मग पानं पुढेमागे उलटली.

"माझा फोटो काढलावतास तो?"

चंपाने सगळं सांगितलं, काही न लपवता. चाचांनी भिंग खाली ठेवलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "त्या दिवशी दाढीला मेंदी कुठं लावली होती मी."

तिघंही हसली, आणि हसता हसता चाचांचे डोळे भरले ते त्यांनी पुसले नाहीत.

पावसाळ्यात केसरीनाथांचं पुन्हा पत्र आलं. दुसरं पुस्तक करतोय, बुरुडकामाचे फोटो काढाल का? चंपाने पोस्टकार्डावर होकार लिहिला. खाली एक ओळ जास्त घातली, आणि ती ठळक दिसावी म्हणून दोनदा गिरवली: प्रूफ पोस्टाने पाठवू नयेत, मी प्रेसमध्ये येऊन बघेन.