सोबत : कागद एक

डोळे मीट आणि एक टाचणी समोर आण. कचेरीतली साधी लोखंडी टाचणी, डोक्याशी थोडी गंजलेली, आणि तो गंज लागून कागदावर उमटलेला तांबूस ठिपका. एवढं दिसलं तरी पुरे. आता ही टाचणी ज्या दोन कागदांतून गेली आहे ते कागद खाकी पाकिटात आहेत, पाकीट कापडी पिशवीत, पिशवी एका बाईंच्या मांडीवर, आणि बाई बसच्या खिडकीशी बसल्या आहेत, असं समज. साल एकोणीसशे त्रेसष्ट. कापूस वेचणीचे दिवस. घाई करू नकोस. बसही घाई करत नव्हती. खापर गावाच्या बाजूचे मजूर गाठोडी घेऊन चढत होते, उतरत होते, आणि प्रत्येक थांब्याला बाईंना वाटत होतं, ही बस अशीच थांबत राहिली तर बरं.

अनुसयाबाई ग्रामसेविका होत्या. तापीकाठच्या सहा गावांत बायकांना शिवण शिकवायचं, बिनधुराच्या चुली घालून द्यायच्या, बाळांना तोलायचं — हे त्यांचं काम. पिशवीवर हात ठेवला की पाकिटाची कड बोटाला लागत होती, आणि पाकीट न उघडताही त्यांना आतली टाचणी जाणवत होती, पायात रुतलेला काटा पाय न हलवताही जाणवतो तशी. वरचा कागद कचेरीचा, टंकलिखित : आपल्या गावात एका महिलेस घरात मारहाण होत असल्याचे ग्रामसेविकेने कळविले आहे, तरी सरपंचांनी चौकशी करून सात दिवसांत अहवाल पाठवावा. खाली साहेबांची सही. सहीखाली — सोबत : कागद एक.

तो एक कागद कोकिळाचा होता.

कोकिळा नऊ वर्षांची. मंगळवारी दुपारी महिला मंडळाच्या बायका कामं उरकून येईपर्यंत तास दीड तास जायचा, त्या वेळात अनुसयाबाई मारुतीच्या पारावर शाळेतल्या पोरांना गोळा करायच्या, लिहायला द्यायच्या, तांबड्या पेन्सिलीने तपासायच्या. ते त्यांचं काम नव्हतं, कुठल्याही नोंदीत ते येत नव्हतं, पण सगळ्या आठवड्यात जीव रमायचा तो तेवढाच वेळ. एका मंगळवारी त्यांनी सांगितलं — आपल्या घराविषयी पाच वाक्यं लिहा. खरं लिहा. खरं लिहिलेलं कधी वाया जात नाही. आपण बोललेलं वारा नेतो, लिहिलेलं सरकार वाचतं… हे त्यांनी सांगितलं होतं. ह्याच शब्दांत. आणि कोकिळाने मान वाकडी करून, जीभ दातात धरून लिहिलं होतं :

माझे नाव कोकिळा छगन पाटील. आमच्या घरी दोन बैल आणि एक म्हैस आहे. दादा मायला पऱ्हाटीने मारतो. म्हशीला कोणी मारत नाही, मारले तर ती दूध देत नाही. माय रडत नाही.

दादा म्हणजे तिचा बाप, छगन. कपाशीचं वाळलेलं झाड म्हणजे पऱ्हाटी. चुलीत घालतात. अनुसयाबाईंनी ती पाच वाक्यं दोनदा वाचली होती आणि अक्षर सुरेख आहे असं म्हणाल्या होत्या, कारण दुसरं काय म्हणायचं ते त्यांना सुचलं नव्हतं. मग रात्रभर विचार करून त्यांनी कचेरीला लिहिलं, आणि आपल्या म्हणण्याला पुरावा हवा म्हणून पोरीचा कागद सोबत जोडला. ही टाचणी मीच लावली — माझ्याच हाताने. किती भरवशाने लावली होती… देवाला फूल वाहावं तशी.

पंधरा दिवसांनी कागद परत आले. गावातल्या भानगडीचा अहवाल सरपंचाकडूनच मागवायचा, असा कचेरीचा रिवाज. आणि सरपंच होते रतिलाल पाटील — छगनचे वडील, कोकिळाचे आबा. पोलीस पाटील त्यांचा सख्खा भाऊ.

"साहेब, ज्याच्या घरातली गोष्ट त्यालाच विचारायचं?" अनुसयाबाईंनी विचारलं होतं.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अनुसयाबाई, कागदाला वाट असते. वाट सोडून कागद चालत नाही. आणि मी थेट त्या घरात शिरलो तर कुठल्या कलमाखाली शिरलो म्हणून मलाच विचारतील. माझ्याकडे चुलीचं कलम आहे, शोषखड्ड्याचं आहे. याचं नाही हो."

आणि कारकून चुनीलाल हसत हसत म्हणाला होता, "बाई, तुम्ही मंगळवारी त्याच गावाला चालल्यात ना? मग पोस्टाची वाट कशाला. हातोहात द्या. पोचेची सही तेवढी आणा."

बस थांबली. उतरल्या त्या एकट्याच. फाट्यापासून गाव पाऊण कोस. दोन्ही बाजूंनी फुटलेला कापूस, आणि उत्तरेला तोरणमाळचा डोंगर निळ्या धुरासारखा. वाटेत नाला लागतो. नाल्याकाठी बाभळीखाली त्या बसल्या, पाकीट उघडलं — ते चिकटवलेलं नव्हतंच — आणि टाचणी ओढली. पोरीचा कागद बाळांच्या वजनाच्या वहीत ठेवला. आता वरचा कागद नुसता राहिला. एका महिलेस. कुठली महिला? गावात दीडशे घरं आहेत. आबा वाचतील, मान हलवतील, असं काही नाही म्हणून लिहून देतील, आणि कोकिळाचं नाव कुठेच येणार नाही… मग एवढं सगळं करून काय झालं? काही झालं नाही. काही झालं नाही म्हणजेच बरं झालं, अशा ठिकाणी आपण पंधरा दिवसांत येऊन पोचलो.

त्यांना थोरली बहीण आठवली, अक्का. आठवायची नव्हती, तरी. एरंडोलच्या घरातल्या माजघरात अक्का पाठ उघडी टाकून बसली आहे, आई तेल गरम करून लावते आहे, आणि दाराशी सात वर्षांची मी उभी आहे — आई म्हणते, जा गं, बाहेर खेळ. मी गेले. खेळलेसुद्धा. आठ दिवसांनी अक्काला गाडीत बसवून सासरी परत पाठवली. तिचं पत्र कधी आलं नाही, तिला लिहिता येत नव्हतं. पुढच्या वर्षी आलं ते दुसऱ्याच कोणी लिहिलेलं, ती गेल्याचं कार्ड, कोपरा फाडलेलं. त्या कार्डाने अनुसयाबाईंना आयुष्यभराचं काम लावून दिलं होतं : पोरींना लिहिता आलं पाहिजे. लिहिता आलं की… या वाक्याचा पुढचा भाग त्यांनी कधी नीट पुरा केला नव्हता. आज नाल्याकाठी बसून त्यांनी तो पुरा करून पाहिला, आणि जमला नाही.

महिला मंडळ रतिलाल पाटलांच्याच ओट्यावर भरायचं. दुसरा एवढा मोठा ओटा गावात नव्हता, आणि सरपंचाची बायको दगूबाईच मंडळाच्या अध्यक्षीण. पाच-सहा बायका आलेल्या होत्या, सगळ्या सासवा. सुना येत नसत. आबांसमोर ओट्यावर बसायचं कसं?

"बठा बाई, बठा," दगूबाईंनी गोधडी अंथरली. "उन्हमा चाली उन्यात. तुम्हनं बरं शे पन. तुम्हनी सासू बी सरकार नि तुम्हना नवरा बी सरकार. चूल नही, धनी नही."

बायका हसल्या.

"सरकार बी रागे भरतं, दगूबाई," अनुसयाबाई म्हणाल्या.

"भरतंय ते भरू द्या. सरकारना हात इतला लांबलग कथा पोचस?"

पुन्हा हसू. अनुसयाबाईही हसल्या. दगूबाई वाईट बाई नव्हती. मागल्या पावसाळ्यात तापाने फणफणलेल्या अनुसयाबाईंना तिने चार दिवस घरी ठेवून घेतलं होतं, पेज पाजली होती. हेच तर अवघड होतं. कोणी वाईट असतं तर कुठे बोट ठेवायचं ते कळलं असतं.

पाणी तापीबाईने आणलं. छगनची बायको, कोकिळाची माय. पदर हनुवटीपर्यंत. तांब्या तिने डाव्या हातात धरला होता आणि उजवा नुसता खाली टेकवला होता. त्या उजव्या हाताची दोन बोटं सुजून हळदीने पिवळी झाली होती. अनुसयाबाई हात धुवायच्या निमित्ताने मागच्या अंगणात गेल्या. तापीबाई मागून पाणी घालायला आली. म्हशीच्या शेणाचा वास, पऱ्हाटीचा रचलेला ढीग… त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"तापी, हे कधी झालं?"

तापीबाई पाणी घालत राहिली. हात धुऊन झाले तरी घालत राहिली. मग पदराआडून, ओठ न हलवता बोलल्यासारखी म्हणाली, "बाई, कोकीनी शाळा चालू राहू द्या. माले आखो काही नको."

"शाळेचं काय झालं?"

तांब्या रिकामा झाला होता. ती आत गेली.

ही आत्ताच शाळेचं का बोलली, हे अनुसयाबाईंना कळलं नाही. त्यांना फक्त एवढंच कळलं की आपण कागद काढून घेतला ते फार बरं केलं. ओट्यावर परत येताना त्यांना जरा हलकंसुद्धा वाटलं. हा हलकेपणा पुढे किती वर्षं त्यांना डसत राहिला, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

आबा शेतातून आले, पाय धुतले, खुंटीचा चष्मा घेतला. बायका उठून गेल्या, दगूबाई दाराच्या आत सरकली. अनुसयाबाईंनी पाकीट पुढे केलं. रतिलाल पाटलांनी कागद दूर धरून, एकेका शब्दावर थांबत, शेवटपर्यंत वाचला. चेहरा हलला नाही. मग त्यांनी कागद उलटा केला, पाकिटात डोकावलं.

"बाई, सोबत कागद एक, असं लिखेल शे. तो कथा शे?"

"राहिला असेल कचेरीत, आबा."

"राहू द्या, राहू द्या." ते अगदी मऊपणे म्हणाले, एखाद्या पाहुण्याच्या हातून पेला सांडावा आणि आपण ते पाहिलंच नाही असं दाखवावं, तसं. "चुनीलाल आईतवारले जेवाले उना व्हता. त्यानी वाची दखाडा आम्हले. छगन बी व्हता. चुनीलाल म्हने, पोरनं अक्षर मोतीनागत शे."

आईतवार, रविवार — म्हणजे परवा. अनुसयाबाईंनी परवा काय केलं ते आठवायचा प्रयत्न केला. परवा त्यांनी डोक्यावरून न्हाणं केलं होतं, कपडे वाळत घातले होते, दुपारी झोपल्या होत्या. त्या झोपल्या होत्या तेव्हा या ओट्यावर ताटं वाढलेली होती, आणि चुनीलाल कौतुकाने पोरीची पाच वाक्यं वाचून दाखवत होता, आणि आत भाकरी थापणारी तापी ऐकत होती… आणि मग तो जेवून गेला. तापीची बोटं परवाची. म्हणजे मी नाल्याकाठी टाचणी काढली तेव्हा काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वहीतला तो कागद आता कोणापासून लपवायचा?

"कोकी," आबांनी हाक मारली. "दौत-टाक लई ये. नि एक कोरा कागद."

पोर आली. वेणी घट्ट, डोळे खाली. बाईंकडे तिने पाहिलं नाही. पायरीवर मांडी घालून बसली, पाटी मांडीवर, पाटीवर कागद — बाईंनी शिकवलं होतं तसं, डावीकडे दोन बोटं जागा सोडून.

"सरकारले अहवाल पाहिजे," आबा म्हणाले. "मन्हं अक्षर मोडं शे. तू लिख." आणि मग ते सावकाश, शाळामास्तरासारखं शुद्ध बोलू लागले : "आमच्या घरी सर्व माणसे सुखात आहेत… लिखं? कोणी कोणाला मारत नाही… बाईंचा काही गैरसमज झाला असावा."

टाकाचा कुरकुर आवाज. अनुसयाबाईंना बोलायचं होतं. आबा, थांबा — एवढे दोन शब्द. पण त्यांच्यामागे कोण होतं? चुलीचं कलम. शोषखड्ड्याचं कलम. आणि त्या बोलल्या असत्या तर बस पकडून त्या जाणार, आणि तापी इथेच राहणार, आणि पऱ्हाटीचा ढीग अंगणात होताच. त्यांनी पोरीच्या हाताकडे पाहिलं. त्या हाताला वळण त्यांनी दिलं होतं. तो कुठेही अडखळत नव्हता. अडखळावा, एक डाग पडावा, एक शब्द राहून जावा, असं त्या मनाशी म्हणत होत्या, आणि पोर घरंगळत्या मण्यांसारखी अक्षरं मांडत चालली होती, तीच मान वाकडी करून, तीच जीभ दातात धरून.

"शिकाडा तिले, बाई," रतिलाल पाटील म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खराखुरा आनंद होता. "आखो शिकाडा. मी तं म्हनस सातवीलगून शिकाडू. घरमा एक लिखनारं पाहिजे."

दाराआड बांगड्या वाजल्या. शाळा चालू राहिली. तापीबाईने मागितलं होतं तेवढं मिळालं. अनुसयाबाईंच्या मनात काहीतरी फार हळू बसलं, विहिरीत पडलेली घागर पाणी भरत भरत तळाला बसते तसं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपण रडणार नाही. 'माय रडत नाही' हे पाचवं वाक्य पोरीने का लिहिलं, ते त्यांना आता कळत होतं. ते कौतुक नव्हतं.

कोकिळाचं लिहून झालं. तिने कागदावर फुंकर घातली. आबांनी हात पुढे केला होता, पण तिने कागद त्यांना दिला नाही. ती उठली, बाईंच्या समोर येऊन उभी राहिली, दर मंगळवारी राहायची तशी, आणि कागद त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"बाई, देखा."

बाईंनी पाहिलं. एकही चूक नव्हती. पोर वाट पाहत राहिली. आता पहिल्यांदाच तिने डोळे वर केले होते आणि ते बाईंच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. बाईंचा हात उठेना. तेव्हा कोकिळा खाली वाकली, तिने बाईंच्या पिशवीत हात घालून तांबडी पेन्सिल शोधून काढली, आणि त्यांची बोटं एकेक करून उघडून ती त्यांच्या हातात दिली.