दारातली गंजी

हिंदुरावांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मुक्ताबाईला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. तरी ती सांगत राहिली. न सांगून करते काय? कडब्याची गंजी दारात रचलेली, गंजीला खेटून गोठा, गोठ्यावर उसाच्या पाचटाचं छप्पर आणि गोठ्यात चार जनावरं दाव्याला बांधलेली. फाल्गुन संपत आलेला, वारं सुटलेलं. एक ठिणगी पडायची खोटी.

नुकतीच कोऱ्हाळ्यात मुक्ताबाईच्या भावाची गंजी पेटली होती. गाठी सोडायला कुणाला सवड मिळाली नाही आणि बैल दावणीलाच गेले. भाऊ पोरासारखा रडताना तिनं पाहिला होता.

"अवं, गंजी खळ्यावर हालवा," ती घरी आल्याआल्या म्हणाली होती.

"हालवू की. बावड्याचं पाव्हणं सिंधूला बघून जाऊंद्यात, मग हालवू."

इथं पणदऱ्यात काय नि तिकडं बावड्यात काय, सोयरीक बघायला येणारा माणूस पोरीच्या आधी दारातली गंजी बघतो. गंजी उंच तर घर भरलेलं. ती खळ्यावर नेली तर घर भरलेलं कुणाला दिसणार? हिंदुरावांनी तर शेजाऱ्याच्या पेंढ्या मागून आणून आणखी चार थर चढवले.

"आन् पेटली म्हंजी?"

"शुभ बोल नाऱ्या! पोरीचं लगीन ठरायच्या येळंला आग काढतीस तोंडातनं?"

मग मुक्ताबाईनं आपल्या परीनं तयारी केली. गोठ्यातल्या गाठी सोडून सुरगाठी मारल्या, एक हिसडा दिला की दावं सुटलं पाहिजे. विहिरीवरून खेपा घालून गंजीपाशी दोन पिंपं काठोकाठ भरली. कंबर मोडली, पण जिवाला जरा बरं वाटलं.

पाहुणे आले त्या दिवशी दुपारी ती बाहेर येऊन बघते तर दोन्ही पिंपं कोरडी ठणठणीत.

"पानी कुठं गेलं?"

"बैल धुतलं," हिंदुराव दबक्या आवाजात म्हणाले. "पाव्हण्यांनी मळकं बैल बघायचं व्हय?"

त्या बैलांसाठीच तर पाणी होतं! मुक्ताबाईला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना.

पाहुण्यांनी घोंगडी टाकली तीही नेमकी गंजीच्या सावलीत. मुलाचे वडील दत्तोबा गंजीला पाठ टेकून बसले आणि त्यांनी विडी पेटवली. मुक्ताबाईनं नवऱ्याला डोळ्यानं खुणावलं. हिंदुरावांनी आभाळाकडं पाहिलं. शेवटी पाण्याचा तांब्या घेऊन तीच पुढं झाली.

"पाव्हणं, वट्यावर बसा की. तितं गार हाय."

"हितंच झ्याक हाय, वैनी," म्हणून दत्तोबांनी दुसरी विडी काढली. आता मुलाच्या बापाला विडी विझवा कोण म्हणणार? जीव गेला तरी चालेल, पाहुण्याचा मान जाता कामा नये.

पोरगी पाहून झाली, पसंत पडली आणि मंडळी चहाला उठली. दत्तोबांनी विडीचं थोटूक मागं भिरकावलं. चहा ओठाला लागतो न लागतो तोच गंजीतून धूर निघाला आणि बघता बघता जाळ उसळला. हिंदुराव "पानी, पानी" ओरडत कोरड्या पिंपांकडं धावले. मुक्ताबाई गोठ्यात शिरली, हिसडे मारून चारही जनावरं सोडली आणि पदर तोंडाला लावून बाहेर आली तेव्हा मागं छप्पर कोसळत होतं. तिच्या हाताला चटके बसले होते.

जाळ निवला. गंजी गेली, गोठा गेला, घर वाचलं. आणि हिंदुराव काय म्हणाले?

"उनानं पेटली असंल. कडक ऊन हाय औंदा."

"व्हय, व्हय, उनच," दत्तोबा म्हणाले. मुक्ताबाईला इतका संताप आला की रडूच फुटलं.

दत्तोबांना वाटलं, बाई नुकसानीला रडते. माणूस मनाचा वाईट नव्हता. "वैनी, रडू नगा. आता आपुन सोयरं झालो. वैरण हवी तेवढी न्या. आमच्या दारात ह्याच्या दुप्पट गंजी हाय, पार माडीला टेकलीय."

मुक्ताबाईचं रडू जागच्या जागी थांबलं. सिंधू दारात नव्या लुगड्यात उभी होती. बावड्याच्या त्या माडीत ती उद्या राहणार, आणि खाली हा माणूस विड्या ओढत बसणार.

"ती गंजी आधी हालवा," मुक्ताबाई म्हणाली. "मग सोयरीक."

दत्तोबा खदखदून हसले. "शेतकऱ्याच्या दारात गंजी नको, तर काय तुळशीबाग लावू?" हिंदुरावही त्यांच्या जोडीनं हसायला लागले, अंगावर राख, दाढीत राख.

"मग पोरगी बी न्हाय," ती म्हणाली.

हसणं थांबलं. हिंदुराव तिच्यावर ओरडायला लागले, पाहुणे पटके सारखे करत उठले, आणि मुक्ताबाईनं सिंधूला हाताला धरून आत नेलं.