यालिंबाचा टेबलक्लॉथ

यालिंबा या आमच्या छोट्या गावाच्या हॉलमधला टेबलक्लॉथ एकतीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. मळणी संपल्यावर गावजेवण होतं, तेव्हा तो अंथरायचा. आणि नवं घर गावात रुळलं की पेन्सिल घेऊन त्यांच्याकडे जायचं. घरातल्या कुणीतरी त्या कापडावर सही करायची, मग थेल्मा क्राउसे तिच्यावर लाल दोऱ्याने टाके घालते. सहीची जागा कुणी स्वतःहून मागत नाही, विचारायला जावं लागतं. ते काम माझं. वाचनालय मी सांभाळतो, म्हणून पेन्सिलही माझ्याकडे आली असावी.

हे काम मी नीट केलं नाही, ते आधीच सांगून टाकतो.

अकरा वर्षांपूर्वी कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला परदेशातल्या निर्वासित छावण्यांतून कारेन जमातीची माणसं आली. तेव्हा शाळेत एकोणीस मुलं उरली होती आणि बेकरीच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. आता शाळेत तिसरी शिक्षिका आहे, बेकरी पहाटे उघडते, आमच्याकडच्या फुटबॉलला लागतात तेवढे अठरा गडी भरतात. स्टेशनामागच्या ज्या जमिनीत गवतही धड येत नव्हतं, तिथे त्यांची अंबाडी कमरेएवढी वाढते. हे सगळं मी वाचनालयाच्या खिडकीतून पाहिलं. पाहण्याच्या कामात मी बरा आहे.

नॉ सेर वा त्यांच्यातली सगळ्यात आधी आलेली. मी तिला इंग्रजी शिकवलं, म्हणून ती मला ‘थारा’ म्हणते, म्हणजे गुरुजी. परवाच्या जानेवारीत, जेवणाला दहा दिवस असताना, ती पुस्तकं परत द्यायला आली.

“थारा, माझं कार्ड बंद करा. आम्ही बेंडिगोला राहायला जातोय.”

“का गं?”

“इथे सगळे गोड बोलतात. पण पाहुण्यांशी बोलतात तसं. अकरा वर्षांचा पाहुणा कधी बघितलाय?” ती हसली. “दर वर्षी जेवणानंतर तो टेबलक्लॉथ मीच धुते. सगळी नावं पाठ झालीत.”

“मग विचारायचंस ना!”

“आमच्यात असं मागत नाहीत.”

आमच्यातही नाहीत. कापड भरलंय, ही माझी सबब होती. खरं तर मला तिच्या दारात जाऊन उभं राहायचा धीर झाला नव्हता. आधी वाटलं, इतक्या लवकर कसं विचारायचं. मग वाटलं, आता फार उशीर झाला.

त्याच दुपारी थेल्माकडे गेलो. ती चौऱ्याऐंशी वर्षांची, गव्हाची शेतकरीण.

“तू विचारलंच नाहीस?” ती ओरडली. “ऑल्विन, मला वाटलं तू विचारलंस आणि ती नाही म्हणाली! अकरा वर्षं मी त्या पोरीवर राग धरून बसलेय, मूर्खा!”

“कापडावर जागाच नाही...”

“जागा आहे. तुझ्या तोंडात जीभ नाही.”

तिने टोपी घातली, टेबलक्लॉथ काखेत मारला आणि मला गाडीत बसवलं.

नॉ सेर वा पडवीत जमिनीवर बसून विणत होती, मागाचा पट्टा कमरेला बांधलेला. थेल्माने कापड तिच्यापुढे पसरलं.

“या बावळटाला पेन्सिल पुढे करता आली नाही. कर सही. जागा नसेल तर माझ्या नावाच्या डोक्यावर केलीस तरी चालेल.”

नॉ सेर वाने काठ बोटांनी चाचपला. “थेल्मा आजी, हे वाढवता येईल. नऊ दिवस लागतील.”

“आणि बेंडिगो?” मी पुटपुटलो.

“आधी नऊ दिवस तर होऊ द्या, थारा.”

जेवणाच्या संध्याकाळी टेबलक्लॉथ आणखी वीतभर रुंद झाला होता. नव्या पांढऱ्या पट्टीच्या काठाला लाल वीण. टेबलाभोवती कारेन घरं आणि जुनी घरं दाटीने उभी. मी पेन्सिल पुढे केली. नॉ सेर वाने घेतली, पण लिहीना; पूर्ण कापडावरून नजर फिरवत राहिली.

“थारा, मला वाटायचं मीच नीट वाचत नाही. तुमचं नाव कुठाय?”

“मी मूळचा ॲडलेडचा, बाहेरून आलेला,” मी म्हणालो. “मला... कुणी विचारलं नाही.”

थेल्माने कपाळावर हात मारला. “एकतीस वर्षं! आणि बोललास का नाही?”

नॉ सेर वाने पेन्सिल माझ्या हातात दिली. “आधी तुम्ही.”

माझी सही वाकडी आली. तिच्याखाली तिने आपली केली, सावकाश, मी शिकवलेल्या अक्षरांत. सुई ओवताना थेल्मा म्हणाली, “गुरुजींपेक्षा पोरीचं अक्षर बरंय.”

सोमवारी वाचनालय उघडलं तेव्हा नॉ सेर वा पायरीवर बसली होती.

“थारा, कार्ड बंद नाही ना केलंत?”

केलं नव्हतं. तेवढं एक काम मी वेळेवर केलं नाही, ते बरंच झालं.