उमलू द्यायच्या कळ्या

रुईश्यांगबाई सात वर्षांच्या असल्यापासून डेलिलीच्या कळ्या खुडत आल्या होत्या. दातोंगकडच्या त्यांच्या गावात या फुलाची शेतंच्या शेतं, पण फूल कुणालाच नको असायचं. हवी ती मिटलेली कळी, भाजीसाठी. उजाडायच्या आत खुडायची, वाफवायची, वाळत घालायची. शेतात एखादं फूल उमललेलं दिसलं, की सासूबाई विचारत, "डोळे घरी ठेवून आली होतीस का गं?"

यंदा कंबरेने असहकार पुकारला, म्हणून त्या थायुआनला मुलाकडे राहायला आल्या. इमारतीच्या आवारात डेलिलीचा ताटवा होता. रेल्वेतून निवृत्त झालेल्या छाओंनी तो तीन वर्षं जपला होता. पहिल्याच पहाटे बाई खाली उतरल्या, टपोऱ्या कळ्या पाहिल्या आणि त्यांचा हात काही थांबेना. वरून घमेलं आणलं, तासाभरात ते भरलं. शहरातल्या आळशी लोकांचं काम आपण उरकून टाकलं, असंच त्यांना वाटत होतं.

परत फिरताना छाओ समोर आले. त्यांनी आधी घमेल्याकडे पाहिलं, मग ताटव्याकडे, आणि ते कट्ट्यावर बसले.

"वहिनी, एकही नाही ठेवलीत?"

पहिला बहर आज उमलणार म्हणून त्यांनी साऱ्या इमारतीला आवतण दिलं होतं. सात वाजता माणसं उतरली, तर नुसती पानं. छाओंनी शांतपणे सांगितलं, की अंदाज चुकला, फुलं दोन दिवस उशिरा येतील. बाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही. ते ऐकून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बारक्या कळ्या मात्र शिल्लक होत्या. तिसऱ्या दिवशी ताटवा फुलला. पिवळा, केशरी, एका कोपऱ्यात गर्द तांबडा. एवढी उमललेली फुलं बाईंनी जन्मात एकत्र पाहिली नव्हती. त्या दुपारपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

पण हे फूल एकाच दिवसाचं. दुसऱ्या सकाळी त्याच फुलांच्या ओल्या चिंध्या झाल्या होत्या, नव्या कळ्यांना चिकटून लोंबत होत्या. छाओ कात्रीने एकेक कापत होते आणि मधूनच चांगली कळीही छाटत होते. बाईंना ते बघवेना.

"ती कात्री ठेवा बाजूला. डाव्या हाताने दांडा धरायचा आणि अंगठ्याने बुडातून मोडायचं. बूड राहिलं तर बी धरतं, झाडाचा जोर त्यातच जातो."

छाओंची एक ओळ होईतो बाईंनी उरलेला ताटवा साफ केला. एकही कळी दुखावली नाही.

"हात आहे की यंत्र?" छाओ म्हणाले.

"यंत्रच होतं. त्यानेच तर त्या दिवशी घोळ घातला."

छाओ हसले, तेव्हा कुठे बाईंच्या जिवात जीव आला. त्यानंतर रोज सकाळी ताटवा त्यांच्याकडे आणि पाणी घालणं छाओंकडे, अशी वाटणी झाली. इमारतीतल्या दोघीतिघी खिडकीतूनच कुठे चिंधी राहिली ते ओरडून सांगत.

एकदा गावाहून जावेचा फोन आला. इथे फूल उमलून गेल्यावर तोडतात हे ऐकून ती हसतच सुटली.

"मग त्याचं करता तरी काय?"

"काही नाही," रुईश्यांगबाई म्हणाल्या. "आदल्या दिवशी पोटभर बघून घेतो."